बाईंची ठासणीची बंदूक

आमच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या बाईंकडे स्वतःच्या नावाचा परवाना असलेली बंदूक होती, असं मी कुणाला सांगितलं की ऐकणारा आधी हसतो आणि मग विचारतो, "कशाला?" आमच्या मुख्याध्यापिकांनी तेच विचारलं होतं. कलेक्टर कचेरीतल्या साहेबांनीही. बाई प्रत्येकाला वेगळं उत्तर देत, आणि प्रत्येक उत्तर खरंच असे.

मी शाळेत मराठी शिकवायला लागले ते नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. बाई तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या. लग्न केलेलं नव्हतं. पंचवटीत दोन खोल्यांत राहायच्या, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. त्यामुळे शाळेत जाता-येता आमची सोबत असे. अंगानं किरकोळ, साडी घोट्याच्या वर, पायांत पी.टी.च्या मास्तरांसारखे पांढरे कॅनव्हासचे बूट. पर्समध्ये लाकडी फूटपट्टी. ती पट्टी वर्गापेक्षा बाहेरच जास्त वापरली जाई. भाजीबाजारात दोडका घेताना, दुकानात ब्लाउजपीस घेताना, एकदा तर रिक्षाचं सीट मोजून "यात तिघी बसणार नाहीत" असं त्यांनी रिक्षावाल्याला सिद्ध करून दाखवलं होतं.

"बघू म्हणू नकोस," त्या मला सांगायच्या. "मोजू म्हण."

त्यांच्या पेपर तपासण्याच्या गोष्टी शाळेत अजून सांगतात. एका मुलीनं भूमितीच्या प्रश्नाखाली प्रामाणिकपणे 'येत नाही' एवढंच लिहिलं. बाईंनी तिला अर्धा गुण दिला. मुख्याध्यापिकांनी बोलावून विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "उत्तर खरं आहे. पण भूमितीचं नाही. म्हणून अर्धा."

चहा त्या बशीत ओतायच्या आणि त्यावर साय धरेपर्यंत बघत बसायच्या. मग साय बोटानं काढून टाकायच्या आणि थंडगार चहा एका घोटात प्यायच्या. गरम का पीत नाही, असं विचारलं तर म्हणत, "गरम चहात चव कळत नाही, फक्त गरम कळतं."

निफाडच्या पुढे, गोदावरीच्या काठाला, बाईंचा वडिलांकडून आलेला लहानसा मळा होता. भावानं शहर जवळ केलं होतं, त्यामुळे मळा बाईंनीच धरला होता. थोडी द्राक्षबाग, थोडी भाजी. तिथं राखणीला देवराम आणि त्याची बायको जना अशी पेठकडची जोडी असे. दसरा झाला की यायची आणि शिमग्याला द्राक्षं उतरली की डोंगरातल्या आपल्या गावी जायची. त्यांना एक लहान मुलगी होती. बागेच्या कडेला उसाच्या पाचटानं शाकारलेल्या झोपडीत ती तिघं राहत.

एका थंडीत त्या झोपडीसमोरून त्यांचा कुत्रा गेला. पुढच्या पंधरवड्यात शेळी गेली. बिबट्याच, पण ती माणसं त्याला वाघच म्हणायची. शेजारी अण्णांचा ऊस होता, आणि उसात वाघ राहतो हे तिकडे सगळ्यांना ठाऊक होतं. हे अण्णा म्हणजे बाईंच्या वडिलांच्या वेळचे शेजारी, भारी बागाईतदार, आवाजही तसाच.

जनानं गाठोडं बांधलं. बाई रविवारी मळ्यावर गेल्या तेव्हा ती मुलीला काखेत घेऊन उभीच होती.

"आमाला नाय राहायचं बाई. आज शेळी, उद्या पोर."

"थांब," बाई म्हणाल्या. "मी बंदूक आणते."

जनानं गाठोडं खाली ठेवलं. बाईंनी शब्द दिला की तो पाळतात, एवढं तिला ठाऊक होतं.

पीक राखायला ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळतो. नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे घालायचे, गजानं ठासायचे, आणि मग एकच बार काढायचा. बाईंनी अर्ज केला. चौकशीला हवालदार थेट शाळेत आला. मुख्याध्यापिकांच्या खोलीत बसून त्यानं विचारलं, "बाई रागीट आहेत का?"

"पेपर तपासताना," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

त्यानं ते लिहून घेतलं की नाही, माहीत नाही. कचेरीतल्या साहेबांनी मात्र बाईंना समोर बसवून समजावलं, "कशाला ह्या वयात बंदूक? एखादा माणूस ठेवा राखणीला."

"माणूस आहे," बाई म्हणाल्या. "तो राहावा म्हणूनच बंदूक हवी आहे. आणि बिबट्या मारायचा नाही, हे मला माहीत आहे. फक्त आवाज करायचा आहे."

परवाना हातात यायला पुढची दिवाळी उजाडली. देवराम आणि जना शब्दावर विसंबून पुन्हा आली होती. ज्या दिवशी परवाना मिळाला त्या दिवशी बाई मला म्हणाल्या, "दुकानात माझ्याबरोबर चल. एकटी गेले तर तो मला समजावत बसेल. दोघी गेलो तर घाबरेल."

दुकान मेनरोडच्या मागच्या गल्लीत होतं. बाहेर लोखंडी जाळी, आत काचेचं कपाट, आणि गल्ल्यावर गंध लावलेले, हळू आवाजात बोलणारे एक दुकानदार. त्यांनी आम्हाला आधी पाणी दिलं, मग परवाना दोनदा वाचला आणि विचारलं, "मिस्टर नाही आले?"

"नाहीत," बाई म्हणाल्या. "बंदुका दाखवा."

त्यांनी पहिली काढली ती नवी होती. लाकडाला पॉलिश, नळी काळी चकचकीत. बाईंनी ती हातात घेतली, घोडा अर्धा मागे ओढून ठेवला आणि चाप दाबला. घोडा खटकन खाली पडला.

"अर्ध्यावर थांबायला हवा ना हा?" बाईंनी विचारलं.

"नवीन आहे हो. वापरून बसेल व्यवस्थित."

"तोवर मी बसेन," बाई म्हणाल्या आणि बंदूक गल्ल्यावर ठेवली.

दुसरी देखणी होती. दस्त्यावर पितळी फुलं जडवलेली. मलाच ती आवडली. बाईंनी ती खांद्याला लावली आणि तशाच उभ्या राहिल्या. दुकानदार तिची कुळकथा सांगत होते, पोऱ्या चहा घेऊन आला, चहा कपात ओतून झाला, तरी बाई नेम धरून उभ्याच. शेवटी नळीचं टोक थरथरायला लागलं.

"छान आहे," त्या बंदूक उतरवत म्हणाल्या. "पण हिला पंचविशीतला माणूस हवा. मी बावन्न वर्षांची आहे."

तिसरी दुकानदारांनी नाइलाजानं काढली. जुनी, बेताच्या वजनाची, दस्त्याचं लाकूड हात लागून लागून काळं पडलेलं. आदल्याच दिवशी एका खेड्यातल्या विधवा बाईंनी नवऱ्यामागे आणून दिली होती. दुकानदारांनी घोडा ओढून, चाप दाबून, दोनदा खटखट वाजवून दाखवला. नळीचं तोंड तेव्हा आमच्याच बाजूला होतं.

बाईंनी घोडा अर्ध्यावर ठेवून चाप दाबला. पडला नाही. खांद्याला लावून धरली. हात कापले नाहीत. मग त्यांनी नळीखालचा लाकडी गज ओढून काढला, नळीत सोडला आणि तोंडाशी जिथवर आला तिथं अंगठ्यानं धरला. गज बाहेर काढून तो नळीला बाहेरून लावला. पर्समधली पट्टी काढली. मी मनात म्हटलं, आता हे दुकानही मोजून होणार.

"हा तळापर्यंत जात नाहीये," बाई म्हणाल्या. "चार बोटं वर थांबतोय."

"कचरा असेल. जुनी आहे ना."

"असेल. पण आधी तोंड भिंतीकडे करा."

दुकानदार हसले, पण त्यांनी बंदूक फिरवली. मग टोकाला मळसूत्र असलेला लोखंडी गज आणला आणि नळीत घालून फिरवत फिरवत ओढला. आधी चिंधीचा बोळा आला. त्यामागून छर्रे घरंगळत स्टीलच्या ताटलीत पडले. एक, दोन, मग सगळे. शेवटी काळ्या दारूची ढेपळं. बंदूक भरलेली होती. कुणी भरली, किती वर्षांपूर्वी, सांगायला माणूसच उरला नव्हता. घोड्याखाली ठिणगी पाडणारी तांब्याची टोपी लावलेली नव्हती, एवढ्यानंच मघाचे दोन्ही खटके नुसतेच वाजले होते.

मी स्टुलावर बसले. दुकानदार पुन्हा पुन्हा म्हणत होते, "काल संध्याकाळीच आली हो. अजून उघडून बघितलीही नव्हती."

बाईंनी थंड झालेल्या चहावरची साय काढली आणि चहा प्यायल्या.

"हीच द्या," त्या म्हणाल्या.

"बाई, काहीतरीच काय?" मी ओरडलेच.

"अगं, इतकी वर्षं भरलेली असून हिनं कुणाला काही केलं नाही. बैलगाडीतून आली असेल, माळ्यावर पडली असेल, पोरांनी हाताळली असेल. मला अशीच हवी."

दुकानदारांना त्या दिवसाची अशी टोचणी लागली की पुढच्या रविवारी ते स्वतः मळ्यावर आले आणि दारू किती, चिंधी किती, गज कसा मारायचा, हे सगळं बाईंना शिकवून गेले. जनानं त्यांना भाकरी खाऊ घातली. पहिला बार झाला तेव्हा बागेतले सगळे पोपट एकदम उठले आणि देवरामची मुलगी टाळ्या वाजवायला लागली.

परवाना बाईंच्या नावाचा, म्हणजे बार बाईंनीच काढायचा. देवरामच्या हातात बंदूक देता येत नव्हती, आणि बाई कायद्याच्या बाहेर पाऊल टाकणाऱ्या नव्हत्या. आमची शाळा सकाळची. त्यामुळे त्या हंगामात बाई रोज शाळा सुटल्यावर घरी जाऊन जेवत, सोलापुरी चादरीत गुंडाळलेली बंदूक घेत आणि निफाडची एस.टी. धरत. दिवस मावळताना उसाच्या दिशेनं आकाशात एक नुसत्या दारूचा बार. मग बंदूक पुसून परत चादरीत, आणि परतीची गाडी. एका कंडक्टरनं चादरीकडे बघून विचारलं, "बाई, काय आहे हे? सामानाचं तिकीट पडेल."

"बंदूक आहे," बाई म्हणाल्या.

त्यानं तिकीट फाडलं नाही. पुढच्या दिवसापासून त्या गाडीत बाईंना पुढची सीट मोकळी मिळायला लागली.

स्टाफरूममध्ये चेष्टा व्हायची. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. एका निवडणुकीच्या वेळी बाई मळ्यावर मुक्कामाला होत्या, सकाळची गाडी उशिरा आली, ठाण्यात जायला वेळ उरला नाही, आणि त्या चादरीसकट थेट शाळेत आल्या. नकाशांच्या कपाटात, आफ्रिका आणि आशियाच्या मध्ये, बंदूक उभी केली आणि नववीच्या तासाला गेल्या. मुख्याध्यापिकांना कळलं तेव्हा त्या जवळजवळ रडायच्या बेतात होत्या. "रिकामी आहे ना हो?" त्यांनी विचारलं. बाईंनी पट्टी पुढे केली. "मोजून बघा."

असं सगळं चाललं होतं. मलाही वाटायचं, बाईंचा हा एक नवा छंद आहे. शनिवारी मीही त्यांच्याबरोबर मळ्यावर जायला लागले. द्राक्षं भरत आली होती.

त्या शनिवारी आम्ही मळ्यावर पोचलो तर बांधावर ही गर्दी. अण्णांच्या उसाला तोड लागली होती. बराचसा ऊस पडला होता, नदीच्या बाजूला तेवढा एक पट्टा उभा होता. तोडणाऱ्या बायकांना सरीत बिबट्याची दोन पिल्लं सापडली होती, मांजराएवढी. आणि उभ्या उसातून त्यांच्या आईचं गुरगुरणं ऐकू येत होतं. माणसांनी पट्ट्याला चारी बाजूंनी वेढा घातला होता. कुणाकडे कोयता, कुणाकडे काठी, कुणी पत्र्याचा डबा बडवत होतं.

"आल्या! बाई आल्या!" अण्णा पुढे आले. "बरं झालं. माझं वासरू नेलं ह्याच धुडानं. आज सोडायचं नाय."

"फॉरेस्टवाल्यांना कळवलं?" बाईंनी विचारलं.

"माणूस गेलाय निफाडला. ते येतील तवा येतील. तुमी बंदूक भरा."

बाईंनी चादर सोडली आणि रोजच्यासारखी बंदूक भरली. नुसती दारू, वर चिंधी. अण्णांनी खिशातून पुडी काढली. जाड छर्रे होते.

"हे घाला."

"नको. आवाज पुरेल. नदीकडची माणसं बाजूला घ्या, ती जाईल तिकडून."

"जाईल आणि परत येईल. उद्या कुणाचं पोर उचललं तर तुमी देणार भरून?"

लोकांमधून आवाज उठला. तेवढ्यात जना पुढे आली. मुलगी तिच्या काखेत होती. ती अण्णांकडे बघतच नव्हती, बाईंकडे बघत होती.

"बाई, तुमी सांगितलं व्हतं," ती म्हणाली. "बंदूक आणते म्हनून. आमी त्याच्यावर राह्यलो. मारा त्याला."

अण्णांनी हात पुढे करून नळी धरली. "तुमच्यानं होत नसंल तर इकडं द्या."

बाईंनी नळी हिसडली, तोंड आकाशाकडे केलं आणि चाप ओढला.

एवढ्या जवळून मी तो आवाज कधी ऐकला नव्हता. पांढऱ्या धुरात काही दिसेना. अण्णा खाली बसले. नदीकडची माणसं, आता जनावर बाहेर येतंय असं वाटून, वाट फुटेल तिकडे पळाली. तिथं वेढ्याला भगदाड पडलं.

धूर विरला तेव्हा बाई बंदूक उभी धरून शांतपणे म्हणाल्या, "आता पुन्हा भरावी लागेल."

आणि त्या भरायला लागल्या. नळी पुसली. चिंधी बदलून पुन्हा पुसली. दारूची डबी काढली, माप भरलं, मापावरची जास्तीची दारू बोटानं सारखी केली. फळ्यावर सिद्धता लिहिताना एकेक पायरी मोठ्यानं म्हणायच्या तशाच आवाजात त्या सांगत होत्या, "आधी दारू. सांडता कामा नये. आता चिंधी. आता गज." गज नळीत घातला, अंगठा ठेवला, बाहेर काढून पट्टीनं मोजला, परत घातला. सगळी गर्दी त्यांच्या हातांकडे बघत होती. अण्णा ओरडत होते, "आटपा की हो!" आणि बाई म्हणत होत्या, "घाई केली तर नळी फुटेल, अण्णा. तुम्ही जवळ उभे आहात."

उसाचे शेंडे नदीच्या बाजूला हलत गेले. पिवळंसं काहीतरी काठाच्या बाभळीत शिरताना मी पाहिलं. देवरामनंही पाहिलं. आम्ही दोघंही बोललो नाही.

बाईंची बंदूक भरून झाली तेव्हा ऊस गप्प होता. दिवस कलल्यावर फॉरेस्टची जीप आली. त्यांनी पिल्लं एका क्रेटमध्ये घालून उसाच्या कडेला ठेवली आणि सगळ्यांना हाकललं. दुसऱ्या दिवशी सकाळी क्रेट रिकामा होता. आई येऊन पिल्लं घेऊन गेली होती.

परतीच्या गाडीत बाई खिडकीशी बसल्या होत्या. मी म्हटलं, "बाई, तुम्ही बरोबर केलंत."

"वाघीण मेली असती तर जना राहिली असती," त्या म्हणाल्या. "एवढं मला तिथं उभ्या उभ्या कळत होतं. तरी हात वरच गेला."

जना राहिली नाही. शिमग्याची वाट न बघता, द्राक्षं वेलीवर असताना ती दोघं निघाली. बाई समजावायला गेल्या तेव्हा ती भांडलीसुद्धा नाही. एवढंच म्हणाली, "तुमी रोज येता बाई, पन रोज जाता बी."

त्या वर्षी बाईंची निम्मी बाग पाखरांनी खाल्ली. गावात अण्णांनी बाईंशी बोलणं टाकलं. बाईंनी कशाचीच तक्रार केली नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत एकदा त्यांनी मला मळ्यावर नेलं. रिकाम्या झोपडीत त्या पाय मुडपून बसल्या होत्या. पाचटाच्या भिंतीतून पलीकडचा बांध दिसत होता. दाराच्या जागी गोणपाट लोंबत होतं.

"मी एक वर्ष कचेऱ्या हिंडले," बाई म्हणाल्या. "दुकानात नळी मोजली, गज मोजला. आणि हे गोणपाट बाजूला सारून कितीदा आत आले असेन." त्यांनी ते हातानं हलवलं. "शेळीला आत यायला हे जेवढं सारावं लागे, तेवढंच वाघालाही."

पुढे सगळं त्यांनी कुणालाही न विचारता केलं. निफाडहून गवंडी आणला. पंपाच्या खोलीला लागून विटांची एक खोली बांधली, वर पत्रा, खिडकीला गज. पाऊस सुरू व्हायच्या आत ती वाळली. बंदूक त्यानंतरही बाईंकडे होती. त्यांच्यामागे पुतण्यानं ती पोलिसांत जमा केली, असं मला खूप वर्षांनी कळलं. पण त्या हंगामापासून ती चादरीतून फारशी बाहेर आली नाही.

दसऱ्यानंतर देवराम आला नाही. निरोपही नाही. तेव्हा बाई मला घेऊन पेठच्या गाडीत बसल्या. उतरून पुढे बरंच चालावं लागलं. भात कापणीला आला होता. देवरामचं घर टेकडीच्या पोटाला होतं. तो अंगणात टोपली विणत होता. आम्हाला बघून गडबडीनं उठला आणि घोंगडं अंथरलं. जना दारातच थांबली.

पाणी झालं. पाऊसपाण्याचं बोलणं झालं. मुलगी आता धावत होती. ती बाईंच्या बुटांना हात लावून पळत होती.

"यंदा येनार का, म्हनून आलात?" शेवटी जनानंच विचारलं.

"हो," बाई म्हणाल्या.

"बंदूक हाय अजून?"

"आहे. पण त्यावर राहा असं म्हणत नाही. खोली बांधली आहे. विटांची. दार सागाचं आहे."

देवराम काही बोलणार होता, पण जनानं हातानंच त्याला थांबवलं.

"कडी कुठून हाय?"

"आतून," बाई म्हणाल्या. "बाहेरून मी लावूच दिली नाही."

जना आत गेली. बाई माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांना त्याचा अर्थ कळला नव्हता. आतून परातीचा आवाज आला, मग पीठ मळल्याचा.

"बसा," देवराम हसून म्हणाला. "नागलीची भाकर व्हतेय. जेवून जायचं."